हौसेचा व्यवसाय होतो तेव्हां

हौसेला मोल नसतें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. सतारीवर हात बसविण्यांत, बागेंत कलमें बांधण्यांत किंवा जुनीं नाणीं जमविण्यांत गेलेले तास कोणी मोजीत नाहीं, आणि त्यांची मजुरीही कोणी मागत नाहीं. परंतु एखाद्या हौसेचें फळ जेव्हां चार परक्या माणसांच्या नित्य उपयोगाचें ठरतें, तेव्हां मोलाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. हौस आवरावी, कीं नोकरी सोडावी? धाडसी माणूस या प्रश्नाचें एक उत्तर देतो, भित्रा माणूस दुसरें देतो. आणि पुष्कळदां दोघेही चुकतात. संगणकाच्या इतिहासांत एका गृहस्थानें हा प्रश्न ज्या रीतीनें सोडविला, ती रीत सुशिक्षित कुटुंबांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. कारण रात्रीं जेवणें आटोपल्यावर संगणकापुढें बसून स्वतःच्या कल्पनेचा प्रोग्रॅम रचणारें कोणी ना कोणी आतां पुण्यामुंबईच्या अनेक घरांत आढळतें.

या गृहस्थाचें नांव जिम नॉफ. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत, सिॲटल शहराच्या शेजारीं, बेलव्ह्यू येथें ते राहत आणि आयबीएम कंपनींत नोकरी करीत. नॉफ या मूळ जर्मन शब्दाचा अर्थ गुंडी, म्हणजेच बटन; म्हणून व्यवसायांत पुढें त्यांनीं जिम बटन हेंच नांव धारण केलें. घरच्या संगणकावर त्यांनीं फावल्या वेळीं एक प्रोग्रॅम लिहिला होता. गांवांतील एका चर्चच्या सभासदांचीं नांवें व पत्ते नीट लावून ठेवावे आणि पाकिटांवर चिकटविण्याच्या चिठ्ठ्या छापून द्याव्या, एवढेंच त्याचें काम. १९८१ सालीं आयबीएमचा लहान संगणक बाजारांत आला, तेव्हां त्यांनीं तो प्रोग्रॅम त्या यंत्रावर चालेल असा पुन्हां लिहिला आणि कचेरींतील सहकाऱ्यांना वाटला. सहकाऱ्यांनीं तो मित्रांना दिला, मित्रांनीं त्यांच्या मित्रांना.

येथपर्यंत सारी हौसच होती. अडचण पुढें आली. प्रोग्रॅममध्यें सुधारणा झाली, कीं ती वापरणाऱ्यांना कळवावी लागे. आणि वापरणारे तर दिवसेंदिवस वाढत चालले. त्यांपैकीं खरोखरच गरजू कोण आणि नुसता जिज्ञासू कोण, हें ओळखावें कसें? टपालाचा खर्च सोसावा कोठून? तेव्हां नॉफ यांनीं प्रोग्रॅममध्येंच एक निवेदन घातलें. प्रोग्रॅम खुशाल वापरावा, त्याच्या प्रती करून इतरांना द्याव्या. मात्र ज्यांना पुढील सुधारणांची वार्ता हवी असेल, त्यांनीं १० डॉलर पाठवावे. ही प्रोग्रॅमची किंमत नव्हती. ती टपालखर्चाची वर्गणी होती. ज्या व्यवसायानें पुढें अनेकांचें पोट भरलें, त्याचा आरंभ असा एका गृहस्थाच्या पोस्टाच्या तिकिटांपासून झाला.

योगायोग असा, कीं त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत अँड्र्यू फ्लूगलमन यांनीं दोन संगणकांना टेलिफोनच्या तारेवरून बोलतें करणारा 'पीसी-टॉक' नांवाचा प्रोग्रॅम अशाच विनंतीसह वाटावयास काढला होता. दोघांना परस्परांची माहिती नव्हती. दोन्ही प्रोग्रॅम हातीं आलेल्या एका वापरणाऱ्यानें ही गोष्ट नॉफ यांच्या कानांवर घातली. दुसरा कोणी असता, तर त्यानें प्रतिस्पर्धी म्हणून पाठ फिरविली असती. या दोघांनीं हातमिळवणी केली. नॉफ यांनीं आपल्या 'ईझी-फाइल'चें नांव 'पीसी-फाइल' असें बदललें, दोघांनींही २५ डॉलरांची वर्गणी ठरविली, आणि एकानें आपल्या प्रोग्रॅमबरोबर दुसऱ्याच्या प्रोग्रॅमची शिफारस करावी असें ठरलें.

लोक आपण होऊन पैसे धाडतील, ही आशा नॉफ यांच्या पत्नीला अगदींच भाबडी वाटली. आणि पुढील अनुभव पाहतां तिचें म्हणणें बहुतांशीं खरेंच ठरलें. वापरणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं पैसे पाठविले. परंतु या धंद्याचें गणित किराणा दुकानासारखें नसतें. साखरेचें एक पोतें एकदां विकलें, कीं संपलें. प्रोग्रॅमच्या मात्र हजार प्रती झाल्या तरी मूळ प्रत जागच्या जागीं राहते. शिवाय येथें फ्लॉपीचा खर्च वापरणाऱ्याचा, प्रत करण्याचे श्रम त्याचे, आणि जाहिरातही त्याच्याच तोंडून होणारी. शेंकडा नव्वदांहून अधिक लोकांनीं फुकट वापर केला, तरी ते फुकटे लोकच प्रोग्रॅम गांवोगांव नेत. थेंबें थेंबें तळें सांचें, तें असें.

तळें भरलें तें मात्र एकाएकीं. १९८३ सालीं 'पीसी वर्ल्ड' मासिकांत अनुकूल परीक्षण प्रसिद्ध झालें, तेव्हां नॉफ कुटुंब हवाई बेटांवर सुटींत गेलें होतें. परत येऊन पाहतात, तों घर राखणाऱ्या माणसानें टपाल वाण्याच्या कागदी पिशव्यांत भरून ठेवलेलें, आणि त्या पिशव्या तळघरभर पसरलेल्या. घरांतील कचेरींत जावयाचें, तर त्या ओलांडूनच जावें लागे. सांचलेलें टपाल निकालांत काढतां काढतां मुलाला दिवस, संध्याकाळ आणि सुट्याही पुरेनात. पिशव्यांत पैसे होते हें खरें. पण पैशांबरोबर प्रश्न होते, तक्रारी होत्या, सूचना होत्या. हौसेचा व्यवसाय झाला तो याच क्षणीं. पैसा आला म्हणून नव्हे. अनोळखी माणसें उत्तराची वाट पाहूं लागलीं म्हणून.

तरीही नॉफ यांनीं राजीनामा देण्याची घाई केली नाहीं. दिवसां कंपनीचें काम आणि रात्रीं स्वतःचें, असा दोन दगडांवर पाय ठेवून त्यांनीं काळ काढला. १९८४ सालच्या उन्हाळ्यांत, पगाराच्या दसपट प्राप्ति या उद्योगांतून होऊं लागल्यावर, त्यांनीं आयबीएमचा निरोप घेतला. आधीं पोटोबा मग विठोबा, ही म्हण येथें उलटी वाचावी लागते: विठोबाची सेवाच जेव्हां पोटोबाला पुरून उरली, तेव्हां त्यांनीं दुसरी चाकरी सोडली. तोंवर त्यांना वाण पडली होती ती पैशाची नव्हे, तासांची.

सर्वांनींच इतकी वाट पाहिली असें नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या कांहीं नोकरांपैकीं बॉब वॉलेस यांनीं १९८३ सालीं ती नोकरी सोडली आणि क्विकसॉफ्ट ही कंपनी स्थापून 'पीसी-राइट' हा लेखनाचा प्रोग्रॅम काढला. नोंदणीचे ७५ डॉलर भरणाऱ्यास क्रमांक असलेली प्रत मिळे. त्या प्रतीवरून दुसऱ्यानें नोंदणी केली, कीं पहिल्यास २५ डॉलर दलाली. वांटणाऱ्यासही वांटा, अशी ही युक्ति होती. अशा प्रोग्रॅमांना पुढें 'शेअरवेअर' हें नांव रूढ झालें.

नॉफ यांच्या बटनवेअर कंपनींत भरभराटीच्या काळीं सुमारें ३५ माणसें कामाला होतीं आणि वर्षाची उलाढाल सुमारें ४५ लाख डॉलरांवर गेली होती. पण ज्या घरांत एक माणूस आनंदानें प्रोग्रॅम लिहीत होता, तेथें आतां दरमहा पगार वांटावयाचे होते. हौस आज थांबली तर उद्यां पुन्हां सुरू करतां येते. पगाराची तारीख थांबत नाहीं. शिवाय दुसऱ्याच्या यंत्रावर उभारलेल्या धंद्याला त्या यंत्राचेंच आयुष्य. १९९० सालीं विंडोजची तिसरी आवृत्ति निघाली, जुन्या डॉस पद्धतीचे दिवस सरत चालले, आणि १९९२ सालीं बटनवेअरचें दार बंद झालें. नॉफ २०१३ सालीं निवर्तले.

आतां फ्लॉपी गेली आणि टपालाची जागा इंटरनेटनें घेतली. परंतु घरांतील तरुणानें नोकरी सोडण्याची गोष्ट काढली, तर त्याला विचारावयाचे प्रश्न बदललेले नाहींत. नोकरीच्या करारांत फावल्या वेळच्या कामावर मालकाचा हक्क लिहिलेला आहे काय? पैसे देणारी माणसें ओळखीपाळखीचीं आहेत, कीं अनोळखी? सहा महिने प्राप्ति झाली नाहीं, तर घर चालेल काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, दुसऱ्याच्या अडचणीचें तेंच तें उत्तर शंभराव्या वेळींही शांतपणें लिहिण्याची तयारी आहे काय? कारण प्रोग्रॅम लिहिणें ही हौस आहे. त्याच्याविषयीं आलेल्या पत्रांना उत्तरें देणें हा व्यवसाय आहे. ज्याला हें दुसरें कामही आवडूं लागलें, त्यानें खुशाल राजीनामा लिहावा. ज्याला तें जाच वाटतें, त्यानें आपली हौस हौसच ठेवावी. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.