ऑनलाइन खेळातील कमाई : फसवणूक कोणाची, कोणी केली?

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या जागरणाला इथे इंदुरात आपल्या मंडळात दरवर्षी पत्त्यांचा डाव बसतो. मेंढीकोट रंगतो, भांडणे होतात, हरणारा चहा पाजतो. त्यामुळे पत्ते वाईट किंवा खेळ वाईट असे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. प्रश्न एवढाच आहे की, फोनवर खेळा आणि घरबसल्या कमवा असे जे सांगितले जाते, ती फसवणूक आहे का? हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही, आमच्या कार्यालयातच तो उभा राहिला.

राज्य शासनाच्या एका खात्यात आम्ही पाच जण शेजारी बसतो. बहुतेक डिप्लोमावाले उपयंत्री. २०२३ च्या आयपीएलमध्ये आम्ही फोनवर संघ बनवायला लागलो. मोजमाप लिहायची सवय असल्यामुळे वहीत हिशेब ठेवला. स्पर्धा संपली तेव्हा पाच जणांनी मिळून भरले होते १८,६०० रुपये आणि परत आले होते ११,२५०. म्हणजे ७,३५० रुपये गेले. मात्र एका सामन्यात आमच्यापैकी एकाला एकदम २,००० रुपये मिळाले होते, आणि कार्यालयात चर्चा व्हायची ती त्याच २,००० रुपयांची.

हे गणित समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. समजा, दहा जणांनी ५० रुपये लावले, ५०० जमा झाले. कंपनीने ७५ रुपये आपले काढून ४२५ वाटले. कोणी जिंको, कोणी हरो, दहा जणांच्या खिशातून मिळून ७५ गेलेच. असे शंभर डाव खेळा, कंपनी एकदाही हरत नाही. त्यावर १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. हे सर्व जाऊन जे उरते त्याला 'कमाई' म्हणायचे!

पुढची गोष्ट सांगताना संकोच वाटतो. आमच्यातला सर्वांत धाकटा संघ बनवता बनवता रमीवर गेला. २०२४ मध्ये मुलीच्या प्रवेशासाठी जीपीएफमधून काढलेले ९०,००० रुपये त्याने तीन आठवड्यांत घालवले. घरी सांगितले, "बिल अडकले आहे, पैसे अजून जमा झाले नाहीत." शेवटी आमच्यापुढे रडला. म्हणाला, "दादा, मला फसवले. चला, तक्रार करू."

आम्ही त्याच्याबरोबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "जिंकलेले पैसे कधी अडवले का? कोणता नियम लपवला होता का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. नियम तर फोनवर होते, आम्ही कोणी ते वाचले नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने फसवणूक म्हणजे खोटे सांगून, भुलवून दुसऱ्याकडून पैसे किंवा वस्तू काढून घेणे. पहिल्या दिवशी २०० रुपये देऊन विश्वास बसवायचा, मग मोठी रक्कम भरायला लावून खाते बंद करायचे, ही सरळ सरळ फसवणूक आहे. तिथे लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करावा. पण नियम सांगून, फी सांगून चालवलेला डाव या व्याख्येत सहज बसत नाही.

रमीचा वाद तर जुना आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याच्या १२ व्या कलमाने कौशल्याच्या खेळांना सूट दिली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. कंपन्या एवढेच सांगत आल्या. पण त्याच निकालात असेही म्हटले आहे की, डाव बसवणारा त्यातून नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हे वाक्य मात्र जाहिरातीत कधी आले नाही.

जाहिरातींचेही तसेच. १५ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या जाहिरात मानक परिषदेच्या नियमांप्रमाणे अशा खेळांना उत्पन्नाची संधी किंवा नोकरीचा पर्याय म्हणून दाखवायचे नव्हते. आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकते, ही सूचना द्यायची होती. सूचना आपण सर्वांनी ऐकली आहे, एका श्वासात उरकलेली. लक्षात राहिला तो बंगला आणि गाडी जिंकलेला माणूस.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २२ ऑगस्टला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या पाच दिवस आधी. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला कायदा पीडित समजतो.

मग आम्ही सुटलो का? इथेच आमची बोच आहे. धाकट्याला त्या खेळात आणले कोणी? आम्हीच. त्याला आमच्या कोडवरून जोडून घेतले, त्याचे १०० रुपये बोनस आम्हाला मिळाले. त्याला २,००० रुपयांची गोष्ट रंगवून सांगितली, ७,३५० रुपयांची वही दाखवली नाही. जाहिरातीने जे केले तेच आम्ही चहाच्या टपरीवर केले. त्याने घरात खोटे सांगितले, तेही याच साखळीतले. म्हणून आमचे उत्तर असे : खेळ ही प्रत्येक वेळी फसवणूक नसते, पण हरलेला भाग लपवून दुसऱ्याला 'कमाई' सांगणे ही फसवणूक आहे, मग ते कंपनीने करो की मित्राने.

आम्ही चौघांनी वर्गणी काढून मुलीची फी भरली. तो दरमहा परतफेड करतो. ती वही आम्ही त्याच्या घरी जाऊन वहिनींना दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, चहा दिला. आमच्यासाठी तेवढे बोलणे पुरेसे होते.

कायदा झाला तरी परदेशातून चालणारे खेळ नव्या नावाने फोनवर येतात. मुलांनो, कोणी कमाई दाखवली तर त्याला एवढेच विचारा, "हरलेल्याची वही दाखवतोस का?" आणि मोठ्यांनो, घरात कोणी हरून आला तर आधी त्याला बसवा, पाणी द्या, मग हिशेब मागा. लपवायची गरज उरली नाही तर माणूस लवकर थांबतो.

जागरणाच्या डावाला या. पैज चहाचीच राहील.

गणपती बाप्पा मोरया!