खेळाडूंचा बाजार आणि आशियातील फुटबॉल



मजुरांच्या संघटनेतल्या माणसाने या व्यासपीठावरून फुटबॉलविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकापाशी. फुटबॉल मी कधी खेळलो नाही. आमच्या लहानपणी कबड्डी आणि कुस्ती हेच खेळ. परंतु पगार, करार आणि टाळेबंदी हा माझा तीस वर्षांचा विषय आहे, आणि आज आशियातला फुटबॉल याच तीन शब्दांभोवती फिरत आहे. म्हणून हे धाडस.

प्रथम भावाची गोष्ट सांगतो. 2022 च्या डिसेंबरअखेर रोनाल्डोने सौदी अरेबियातल्या अल नस्र या क्लबाशी करार केला. पुढच्या जूनमध्ये तिथल्या सरकारी गुंतवणूक निधीने चार मोठ्या क्लबांची पाऊणपाऊण मालकी आपल्याकडे घेतली. ऑगस्टमध्ये अल हिलालने नेमारला आणण्यासाठी पॅरिसच्या क्लबाला सुमारे 9 कोटी युरो मोजले. नेमारच्या गुडघ्याला इजा झाली. दीड वर्षात तो अवघे सात सामने खेळला, आणि 2025 च्या जानेवारीत करार मोडीत निघाला.

हे ऐकून कोणीही विचारील, एका माणसाला एवढा पैसा कशासाठी? या प्रश्नात मी खेळाडूच्या बाजूचा आहे. मैदानात घाम गाळतो तो, हाडे मोडून घेतो तो, आणि पस्तिशी उलटली की घरी बसतो तोही तोच. शिवाय हे दिवस त्याला कोणी मेहेरबानीने दिलेले नाहीत. इंग्लंडमध्ये 1961 च्या जानेवारीपर्यंत लीगचा नियमच असा होता, की कितीही मोठ्या खेळाडूला आठवड्याला 20 पौंडांपेक्षा अधिक देता येत नसे. जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची नोटीस दिली, तेव्हा ती मर्यादा गेली. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूला न्यूकॅसल क्लब सोडीना. तो खेळ थांबवून दुसऱ्या नोकरीला लागला, पण नमला नाही. 1963 साली न्यायालयाने ती अडवणूक बेकायदा ठरविली. पुढे 1995 साली बॉसमन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने निर्णय दिला, की करार संपला की खेळाडू मोकळा. त्याच्यासाठी कोणी कोणाला दमडी देण्याचे कारण नाही.

तेव्हा भाव वाढला याचे दुःख मला नाही. माझा प्रश्न निराळा आहे. भाव देणारा उठून गेला, तर मागे काय उरते?

चीनकडे पाहा. 2010 साली एव्हरग्रांद या घरबांधणीच्या कंपनीने ग्वांगझूचा क्लब विकत घेतला. आठ वेळा देशाचे आणि दोनदा आशियाचे विजेतेपद मिळविले. 2017 च्या सुरुवातीस शांघायच्या एका क्लबाने ऑस्कर या ब्राझीलच्या खेळाडूसाठी सुमारे 6 कोटी युरो मोजले. मग कंपन्यांवर कर्जाचा डोंगर कोसळला. 2020 चा विजेता जियांगसू संघ तीन-चार महिन्यांतच बंद पडला, आणि 2025 च्या जानेवारीत ग्वांगझूचा क्लबही इतिहासजमा झाला. विजेत्याचा चषक कपाटात आणि फाटकाला कुलूप!

आपल्या महाराष्ट्रात काय झाले? मुंबईचा महिंद्र युनायटेड हा 2005-06 चा राष्ट्रीय विजेता. 2010 साली कंपनीने तो बंद केला. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. फ्रान्सचा त्रेझेगे पुण्यात आला, आनेल्का मुंबईत आला, इटलीचा देल पिएरो दिल्लीत आला. पाच वर्षांत पुण्याचा तो क्लब मिटला आणि त्याची जागा हैदराबादेस गेली. गोव्यात धेंपो आणि साळगावकर हे जुने नामांकित संघ 2016 साली राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. आणि 2025 साली तर सारी लीगच अडकली. फुटबॉल महासंघाने 2010 साली व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी 700 कोटींना दिले होते. ती मुदत संपत आली, नवा करार ठरेना, म्हणून जुलैत हंगाम थांबवून ठेवण्यात आला. 2025 साल संपेपर्यंत लीगचा चेंडू मैदानात आला नाही. ऑगस्टमध्येच बेंगळुरूच्या क्लबाने खेळाडूंचे आणि नोकरवर्गाचे पगार अनिश्चित काळासाठी थांबविले. खेळाडूला साठवण असते, तो काही महिने तग धरतो. पण मैदान झाडणारा, कपडे धुणारा, मालिश करणारा यांनी काय खावे?

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. वीसएक वर्षांपूर्वी आमच्या भागातला एक जिनिंगवाला इतरांपेक्षा चढी रोजी देई. आम्हा सर्वांना त्याचे कौतुक. एका सभेत मीच त्याला हार घातला. तिसऱ्या हंगामात फाटकाला कुलूप लागले. मग चौकशी केली, तेव्हा कळले की मजुरांच्या पगारातून फंडाचे पैसे कापले होते, भरले मात्र नव्हते, आणि पुष्कळांची नावे हजेरीपटावरही नव्हती. एक म्हातारी हमालीण मला म्हणाली, “भाऊ, हार घालायच्या आधी वही पाहाले पाहिजे होती.” त्या वाक्यावर उत्तर मला अजून सापडलेले नाही. चढ्या रोजीकडे पाहून मी करार मागितला नव्हता.

आता जपान पाहा. 1993 साली दहा क्लबांनी त्यांची लीग सुरू झाली. मोठे परदेशी खेळाडू त्यांनीही आणले. परंतु एक अट घातली, की क्लबाला कंपनीचे नाव नको, गावाचे हवे. सुमितोमो पोलाद कंपनीचा संघ काशिमा या लहानशा गावाचा झाला, ब्राझीलचा झिको तेथे खेळला, आणि तोच संघ पुढे सर्वांत अधिक वेळा विजेता ठरला. आज तीन श्रेणींत साठ क्लब आहेत. तिथेही संकटे आली. 1998 साली पैसेवाल्यांनी हात काढला म्हणून योकोहामाचा फ्लूगेल्स संघ शेजारच्या संघात विलीन करण्याचे ठरले. तेव्हा प्रेक्षकांनी स्वतः वर्गणी जमवून योकोहामा एफसी हा नवा क्लब उभा केला! मालक गेला, पण गाव उरले होते.

आपणांस वाटेल, हे दूरचे आहे. तसे नाही. 2014 साली कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली 12 लाख 80 हजारांची होती. 2019 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला 1 कोटी 45 लाख मिळाले. मला आनंद झाला. पण लिलावात खेळाडूला मालक निवडता येत नाही. जो बोली चढवील त्याच्याकडे जायचे. गाठ कापसाची असो की खेळाडूची, लिलावाची रीत एकच! उद्या आपल्या गावचा मुलगा त्या मंचावर उभा राहील. त्याचे अभिनंदन जरूर करा. पण बोली कितीची लागली एवढेच विचारू नका. करार किती वर्षांचा, गुडघा मोडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, लीग बुडाली तर थकलेला पगार कोण देणार, आणि त्याची संघटना आहे की नाही, हेही विचारा.

आणि आपल्या मंडळाचे मैदान सांभाळा. ते कोणाच्या देणगीवर उभे असेल, तर देणगीदाराचे आभार माना, पण घरोघरची पाच-दहा रुपयांची वर्गणी बंद करू नका. देणगी एका सहीने थांबते. वर्गणी थांबवायला सारे गाव रुसावे लागते.