ताटांतील मासा आणि पाट्यावरील खेकडा

जपानांत मासे जिवंत खातात असें ऐकतांच पुण्या-मुंबईची सुशिक्षित मंडळी कानांवर हात ठेवतात. चाल खरी आहे. फुकुओका शहरांतून वाहणाऱ्या मुरोमी नदींत वसंताच्या आरंभीं ‘शिरोउओ’ नांवाची कांचेसारखी पारदर्शक मासोळी अंडीं घालण्यास समुद्रांतून चढते; ती वाडग्यांतून जिवंतच उचलून शिरक्यांत बुडवितात आणि गिळतात. ‘इकिझुकुरी’ हा प्रकार निराळा. त्यांत जिवंत मासा कापून त्याचे काप पुन्हां मूळ आकारांत मांडून वाढतात. जपानच्या घरोघरीं हें रोज चालतें असें मात्र कोणी समजूं नये. तो हौसेचा मामला आहे. हाकोदाते येथील ‘नाचणारा’ माकूळ तर मेलेलाच असतो. वरून ओतलेल्या सोयाबीनच्या खारट रसांतील मिठानें त्याचे ताजे स्नायू हलतात, एवढेंच.

आतां घरचा प्रकार पाहावा. वेळ नदीकांठच्या तळेगांव ढमढेरे यासारख्या देशावरील गांवांत पावसाळा लागला कीं ओढ्यांतले, बांधांवरचे खेकडे धरले जातात. मेलेला खेकडा कोणी घेत नाहीं, आणि तें योग्यच. तो मरतांच त्याच्या पोटांतील पाचक रस व जंतू मांस नासवूं लागतात. म्हणून तो चुलीपर्यंत जिवंत येतो. पुढें त्याच्या नांग्या व पाय जिवंतपणींच मोडतात, पाय पाट्यावर वाटून रस गाळतात, आणि कालवणांत टाकतांना धडाची हालचाल थांबलेली असतेच असें नाहीं. जपानी खवय्यास जें पानांत दिसतें, तें येथें जेवणाराच्या दृष्टीआड होतें. खेकड्याला या भेदाचें काय सुख?

त्याला वेदना नसते ही समजूत आतां टिकत नाहीं. बेलफास्टच्या संशोधकांनीं सागरी खेकड्यांपुढें दोन अंधाऱ्या जागा ठेविल्या. एकींत विजेचा धक्का बसे. थोड्याच फेऱ्यांत बहुतेक खेकडे ती जागा सोडून दुसरीकडे वळूं लागले. हा प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. २०१८ मध्यें स्वित्झर्लंडनें शेवंड बधिर न करतां उकळण्यास बंदी केली. भारताच्या १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यांतहि ‘प्राणी’ म्हणजे मनुष्याखेरीज कोणताहि जीव. अन्नासाठीं मारण्याची मुभा आहे, अनावश्यक वेदनेची नाहीं.

उपाय अवघड नाहीं. खेकडा ओल्या फडक्यांत गुंडाळून बर्फाच्या पेटींत निदान वीस मिनिटें ठेवावा. डोळ्याला स्पर्श करूनहि तो हलेनासा झाला म्हणजे उलटा करावा. त्याचीं मज्जाकेंद्रें दोन, एक डोळ्यांमागें, दुसरें पोटावरील झांकणाखालीं. धारदार सुरीनें दोन्ही लागलींच छेदावीं. नांग्या त्यानंतर मोडाव्या.