पुसल्या जाणाऱ्या संगणकावर टिकणारं साइन-इन



बँकेत, कॉल सेंटरमध्ये किंवा आयटी कंपनीत नोकरी करणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर 'एक्सेल उघडलं की रोज नव्याने साइन-इन मागतं' ही कुरकुर तुम्ही ऐकली असेल. कुरकुर छोटी आहे, पण तिच्यामागे बहुधा एक राहून गेलेला निर्णय असतो: काय जपायचं आणि काय पुसायचं.

ही कुरकुर सहसा आभासी डेस्कटॉप वापरणाऱ्यांची असते. असा डेस्कटॉप दिसतो आपल्या पडद्यावर, पण चालतो दूरच्या डेटा सेंटरमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर या क्लाउड सेवेचा 'सेंट्रल इंडिया' विभाग तर पुण्यातच आहे. खर्च आणि देखभाल आवरावी म्हणून अनेक कंपन्या असे डेस्कटॉप एकाच मूळ इमेजवरून, म्हणजे तयार नमुन्यावरून, बनवतात. कर्मचारी बाहेर पडला, की शाळा सुटल्यावर फळा पुसावा तसं ते यंत्र कोरं होतं. अपडेट एकाच ठिकाणी द्यावं लागतं, व्हायरस शिरला तरी त्या यंत्रावर मुक्काम करत नाही. मात्र त्या पुसण्यात साइन-इन आणि लायसन्सही जातं.

आधी लायसन्सचं पाहू. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या नेहमीच्या पद्धतीत एका व्यक्तीला ५ संगणक, ५ टॅबलेट आणि ५ फोन एवढी मुभा असते. रोज वेगळं यंत्र वाट्याला येणाऱ्याचे पाच संगणक कधी संपले, ते कळणारही नाही. त्यासाठी 'शेअर्ड कम्प्युटर अ‍ॅक्टिव्हेशन' आहे. यातला वापर त्या पाचांत मोजला जात नाही. ऑफिस उघडलं की मायक्रोसॉफ्टची सेवा वापरकर्त्याचा हक्क तपासते आणि त्याच्या प्रोफाइलमध्ये एक छोटं टोकन ठेवते. त्याची मुदत जेमतेम काही दिवसांची. नूतनीकरण आपोआप होतं. ते झालं नाही, तर फाइल वाचता येते, छापता येते, पण बदलता येत नाही.

प्रोफाइलच पुसलं गेलं तर टोकन राहणार कुठे? दोन मार्ग आहेत. एक, टोकन नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायचं. दोन, अख्खं प्रोफाइल एका आभासी डिस्कमध्ये ठेवून लॉगिन होताना जोडायचं. दुसरं काम एफएसलॉजिक्स हे सॉफ्टवेअर करतं. ते बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये विकत घेतली. या मार्गाने लायसन्सबरोबर आउटलुकची साठवणही टिकते.

आणि इथेच घसरगुंडी सुरू होते. 'टोकन नेलं, मग ओळखीचं सगळंच नेऊ' असं वाटतं. पण लायसन्सचं टोकन माणसाचं असतं, तर साइन-इनचा मुख्य पुरावा, म्हणजे प्रायमरी रिफ्रेश टोकन, माणूस आणि यंत्र या जोडीचा असतो. कंपनीच्या डिरेक्टरीत ज्या यंत्राची नोंद झाली, त्याच्याशीच तो बांधलेला असतो. सुरक्षा चिप असेल तर त्याची किल्ली चिपबाहेर पडतच नाही. साइन-इनची माहिती साठवणारे ब्रोकर प्लगइन आणि टोकनब्रोकरचे फोल्डर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेले, तर हाती येतो अडकलेला पुरावा आणि पासवर्डची पुन्हा पुन्हा विचारणा. ते नेऊ नयेत, असंच मायक्रोसॉफ्टही सांगतं. तो पुरावा प्रत्येक यंत्रावर नव्याने, पण गुपचूप मिळायला हवा. त्यासाठी यंत्राची नोंद आणि सिंगल साइन-ऑन नीट लावावं लागतं. मूळ इमेजची मात्र आधी नोंद झालेली नसावी. नाहीतर तिच्यातून निघालेली सगळी यंत्रं एकच ओळख सांगतात. वापर संपलेल्या यंत्रांच्या नोंदी डिरेक्टरीतून वेळोवेळी काढाव्या लागतात, हेही ओघाने आलंच.

साइन-इनची कटकट मुळातच नको असेल, तर ऑफिस एलटीएससी ही सबस्क्रिप्शनशिवायची आवृत्ती आणि कंपनीतच लायसन्स सक्रिय करणारा केएमएस सर्व्हर हा जुना रस्ता आहे. किमान ५ संगणक लागतात, सक्रियता १८० दिवस चालते. क्लाउडच्या बऱ्याच सोयींवर मात्र पाणी सोडावं लागतं.

श्रोत्यांत सिस्टीम अ‍ॅडमिन असतील, त्यांना एवढंच सांगणं: नवी इमेज सर्वांना देण्याआधी एकाच खात्याने पाठोपाठ दोन वेगळ्या यंत्रांवर लॉगिन करा आणि दुसऱ्या यंत्रावर एक्सेल काही विचारतं का, ते बघा. विचारलं, तर रजिस्ट्रीतला जुगाड करून नवी साइन-इन पद्धत बंद पाडू नका, दुहेरी पडताळणी तर मुळीच काढू नका. माणसाचं आहे ते त्याच्याबरोबर जाऊ द्या, यंत्राचं आहे ते यंत्रावरच घडू द्या.