विडी, बधिर बोटे आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपणासमोर जमाखर्चाचे आकडे मांडीत असतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि यंदा आकड्यांचे काम छापील अहवालावर सोपवून एका लहानशा वस्तूविषयी बोलण्याची अनुमती मी अध्यक्ष महोदयांकडे मागितली व त्यांनी ती आनंदाने दिली. ती वस्तू म्हणजे विडी.

निमित्त घडले ते एका देणगीदारांच्या प्रश्नाचे. आपला दीर्घकालीन शुश्रूषा विभाग पाहावयास ते आले होते. मागील अंगणात, कडुनिंबाखालच्या ओट्यावर एक वृद्ध रहिवासी विडी ओढीत बसलेले त्यांना दिसले. शेजारी आपला सेवक उभा होता. ते मला म्हणाले, "रुग्णालयात विडी? आणि तीही तुमच्या माणसाच्या देखरेखीखाली?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्यांना एकट्याला न देता सर्वांसमोर द्यावे, असे मला वाटले.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे अशी व्यवस्था नव्हती. संपूर्ण मनाईचा फलक होता, सूचनापत्रक होते आणि नियम मोडणाऱ्यास समज देण्याची पद्धत होती. कागदोपत्री सारे निर्दोष होते. हिवाळ्यातील एका पहाटे रात्रपाळीच्या परिचारिकेला कापूस जळल्याचा वास आला. एका खाटेवरील गोधडी आतल्या आत धुमसत होती. खाटेवरचे आजोबा कुष्ठरोगातून केव्हाच बरे झालेले. पण हाताची बोटे कायमची बधिर. पकडले जाऊ नये म्हणून ते पांघरुणाखाली विडी ओढीत होते. विडी दोन बोटांच्या बेचक्यात जळत आली, मांस भाजले, तरी त्यांना कळले नाही. मी सकाळी भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, "साहेब, बोटाले काई समजतच नाई. जयालं ते वासावरून समजलं." त्या बोटाचे एक पेर पुढे काढावे लागले. गोधडी वेळीच विझली, म्हणून शेजारच्या खाटा वाचल्या.

त्या दिवशी माझ्या ध्यानी आले की, आमच्या मनाईने विडी सुटली नव्हती. ती अंगणातून अंथरुणात गेली होती. नियम आम्ही केला होता, त्यामुळे त्या बोटाची जबाबदारीही आमच्याकडे येत होती.

वऱ्हाडाला ही बधिर बोटांची कथा नवी नाही. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी निवास व उपचारांचे कार्य उभे केले. परतवाड्यानजीक कोठारा येथेही कुष्ठरुग्णालय आहे. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली आणि त्यानंतर हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ अखेर देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारी एकाहून खाली आले. परंतु रोगजंतू मेले तरी एकदा नष्ट झालेल्या मज्जातंतूंची संवेदना बहुधा परत येत नाही. ज्यांची बोटे पूर्वीच बधिर झाली त्यांना चुलीवरचे भांडे, गरम चहाचा पेला आणि जळती विडी यांपासून आयुष्यभर जपावे लागते. मधुमेहाने हातपाय बधिर झालेले, पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले आणि विस्मरणाने हातात विडी आहे हेच विसरणारे वृद्ध यांचीही गत तीच आहे.

विडीचा स्वभावही ध्यानात घेण्यासारखा आहे. मेळघाटातील ज्या तेंदूच्या पानात ती वळली जाते, त्या पानातून हवा खेळत नाही. त्यामुळे विडी सतत ओढावी लागते. थोडे थांबले की ती विझते व पुन्हा काडी ओढावी लागते. एका विडीमागे दोन-तीन काड्या सहज जातात. थरथरत्या हाताला विडीइतकाच धोका त्या काडीचा असतो.

आपल्या भागात कापसाचे मोल कोणास सांगावयास नको. अकोला-अमरावतीच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत विडी-काडीला मज्जाव का असतो, हे आपण जाणता. कापसाच्या गाठीत शिरलेली ठिणगी बाहेर ज्वाळा न दाखविता आत दीर्घकाळ धुमसत राहते. आपल्या खाटांवरील गादीत तोच कापूस आहे. त्यात उन्हाळ्यात पाणी संपलेल्या कूलरच्या कोरड्या गवती ताट्या, प्राणवायूची नळी आणि अंगावर कृत्रिम धाग्याची शाल. पाणी संपलेला कूलर येथे वैशाखात काही मिनिटांत कोरडा होतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

आणि खाटेला खिळलेला माणूस धावू शकत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या निवासाला आग लागून साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण होरपळून गेले. ९ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच विदर्भात भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली. या दुर्घटना विडीने घडलेल्या नव्हेत. तथापि ज्याला स्वतः उठून बाहेर पडता येत नाही त्याच्या खोलीत आग मुळी शिरूच नये, हा धडा त्या देऊन गेल्या.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने अधिनियम २००३ साली झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम अमलात आले. विमानतळ, मोठी हॉटेले व मोठी उपाहारगृहे यांना धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवण्याची मुभा मिळाली. रुग्णालयांना ती नाही. म्हणून आपल्या इमारतीत, वऱ्हांड्यात, जिन्यात अथवा स्वच्छतागृहात कोणासही, अगदी विश्वस्तांनाही, धूम्रपान करता येत नाही. महाराष्ट्राच्या २००६ सालच्या अग्निप्रतिबंधक अधिनियमानुसार दर जानेवारी व जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र सादर करणेही आपले कर्तव्य आहे.

मग कडुनिंबाखालचा ओटा कशासाठी? येथे तात्पुरते येणाऱ्या रुग्णाला दहा दिवस विडीविना राहा, असे आपण सांगू शकतो. ज्याचे उर्वरित आयुष्य येथेच जाणार आहे, त्याचे हे घर आहे. पन्नास वर्षांची सवय फलक पाहून सुटत नाही, ती लपते. आणि लपलेली विडीच अधिक घातक ठरते. म्हणून आम्ही ठरविले की, विस्तव संस्थेच्या ताब्यात असावा आणि माणसाचा मान त्याच्याकडेच राहावा.

ही व्यवस्था कशी चालते, ते थोडक्यात सांगतो.

दाखल होतेवेळी, दर तीन महिन्यांनी आणि प्रकृतीत वा औषधात बदल झाला की, परिचारिका प्रत्येक धूम्रपायी रहिवाशाची तपासणी करतात. बोटांना उष्णता कळते का, पकड स्थिर आहे का, दृष्टी कशी आहे, विडी विझविण्याचे भान राहते का, या गोष्टी नोंदवहीत लिहिल्या जातात. काडेपेटी व लायटर कोणाही रहिवाशाजवळ नसतो. विड्यांची बंडले नावानिशी परिचारिका कक्षात राहतात. ठरलेल्या वेळी सेवक त्यांना ओट्यापर्यंत नेतो, काडी स्वतः ओढतो आणि विडी विझेपर्यंत तेथून हलत नाही. वेळ ठरलेली असल्यामुळे रहिवाशाची घालमेल कमी होते व चोरून ओढण्याचे कारण उरत नाही.

ओटा इमारतीपासून, कूलरपासून व प्राणवायूच्या साठ्यापासून दूर आहे. अभ्यागतांचा वावर तेथे नसतो. ओट्याखालचा पालापाचोळा रोज झाडला जातो. थोटके टाकण्यासाठी वाळूने भरलेली लोखंडी बादली आहे. कुंडीतील काथ्यामिश्रित माती या कामी चालत नाही, कारण तीही धुमसते. बधिर बोटांच्या रहिवाशांना विडी धरावयास लांब नळी दिली जाते आणि मांडीवर जाड, सहजी पेट न घेणाऱ्या कापडाचे आच्छादन घातले जाते. कोरड्या त्वचेला आपण जे व्हॅसलीन व तेल लावतो, ते कपड्यांत मुरले की कापड लवकर पेटते. म्हणून ओट्यावर जाण्यापूर्वी वरचा कपडा बदलला जातो. ज्यांना प्राणवायू लावावा लागतो, त्यांच्याबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. प्राणवायू कपड्यांत व केसांत काही काळ रेंगाळतो आणि मग एक ठिणगीही चेहरा भाजावयास पुरते.

एक नियम मी स्वतः आग्रहाने लिहून घेतला. विडी हे बक्षीस नव्हे आणि शिक्षाही नव्हे. "जेवण संपवा, मग विडी," असे म्हणण्याचा अधिकार कोणाही सेवकाला नाही. परावलंबी माणसाच्या गरजेचा लगाम करणे हे सेवेच्या व्रतात बसत नाही.

याचा अर्थ विडीला आपली संमती आहे, असा कृपया घेऊ नये. विडीच्या धुराने फुफ्फुसे निकामी होतात, कर्करोग जडतो, पायांच्या रक्तवाहिन्या बंद होऊन बोटे काळी पडतात, हे आमचे डॉक्टर प्रत्येक तपासणीत सांगतात. सोडू इच्छिणाऱ्यास समुपदेशन व वैद्यकीय सल्ल्याने निकोटीनच्या गोळ्या वा च्युइंगम दिले जाते. शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०१६ पासून याच कामासाठी आहे. रहिवाशांसाठी आम्ही तीही लावून देतो. विडी सोडताना डॉक्टरांना कळविणे मात्र अगत्याचे आहे. धूर बंद झाला की क्लोझापिनसारख्या काही मानसोपचाराच्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते आणि मात्रा कमी करावी लागते.

संत गाडगेबाबा आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र. कीर्तनातून त्यांनी व्यसनांवर आयुष्यभर कोरडे ओढले. पण व्यसनी माणसाला त्यांनी कधी दूर लोटले नाही. दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत आजही कर्करोगग्रस्तांना आसरा मिळतो. आलेल्याला आधी ओसरी द्यावी आणि मग समजावावे, हा त्यांचा मार्ग आपल्यापुढे आहे.

आप्तजनांना माझी एक कळकळीची विनंती आहे. भेटीस येताना प्रेमापोटी आपण वडिलांच्या उशाखाली बंडल आणि आगपेटी सरकवता. कृपया तसे करू नका. जे द्यावयाचे ते परिचारिकेकडे नोंदवून द्या. ती एक आगपेटी आपल्या वडिलांइतकीच शेजारच्या पक्षाघाताच्या रुग्णालाही धोक्यात घालते. पांघरावयास कृत्रिम धाग्याच्या शालीऐवजी सुती चादर आणावी.

देणगीदारांना निःसंकोचपणे सांगतो की, आपल्या देणगीतील एक पैसाही विडीवर खर्च होत नाही. विडी रहिवाशाच्या स्वतःच्या पैशाची वा घरच्यांनी दिलेली असते. आपला निधी खर्च होतो तो वाळूच्या बादलीवर, आच्छादनांवर, धूरसूचक यंत्रांवर आणि ओट्याजवळ उभ्या राहणाऱ्या सेवकाच्या वेतनावर. ताळेबंदात या रकमा अगदी किरकोळ दिसतात. टळलेली आग तर ताळेबंदात दिसतच नाही. तिला आमच्या शास्त्रात रकाना नाही.

ते आजोबा आजही आपल्याकडे आहेत. दिवसाला अख्खे बंडल ओढणारे आता तीन विड्यांवर आले आहेत. देणगीदार महोदयांनी ओट्यावर पाहिले ते हेच. आपल्या पेर गेलेल्या बोटाने ते नळी धरतात आणि विझलेले थोटूक स्वतः वाळूत दाबून सेवकाला दाखवितात. गेल्या महिन्यात त्यांनी डॉक्टरांना विचारले, "दोनावर येईन काय मी?" डॉक्टरांनी प्रयत्न करावयास सांगितले आहे.