अन्न नकोसं होतं तेव्हा

कुणी जरा वेगळं वागलं की आपल्याकडे लगेच म्हणतात, "हिला येरवड्याला धाडा." पुण्यातलं येरवड्याचं मनोरुग्णालय हे सरकारी आणि खूप मोठं, पण त्याचं नाव थट्टेचं आणि भीतीचं झालं. त्या भीतीपायी कितीतरी बायका मनाचं दुखणं लपवतात. हे दुखणं पुष्कळदा आधी ताटात दिसतं.

उदासीनतेच्या आजारात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, कुणाची भूक मरते, घास घशाखाली उतरत नाही. कुणी भूक नसताना खात राहते. काही मुली भराभर खातात आणि वजन वाढेल या धास्तीनं मुद्दाम उलटी काढतात. हा खाण्याचा वेगळा आजार आहे, आणि तो पुष्कळदा उदासीनतेच्या सोबतीनं येतो. मन खचलं की खाणं बिघडतं. खाणं बिघडलं की अशक्तपणा येतो, झोप उडते, मन आणखी खचतं. वारंवार उलट्यांनी अंगातले क्षार कमी होऊन हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात.

आपल्या घरात हे लवकर कळत नाही, कारण बाई सगळ्यांच्या मागून जेवते. शिवाय उपास आहेतच. पण श्रद्धेचा उपास सुटतो आणि बाई चवीनं जेवते. जिचा उपास सुटतच नाही, तिच्याकडे लक्ष द्या.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस खाणं बिघडलंय, मन उदास आहे, कशात रस नाही, असं दिसलं तर "नाटकं करते", "बाहेरचं लागलंय" म्हणू नका. शेजारी बसा, विचारा, "ताई, जेवण का जाईना?" आणि ऐकून घ्या. मग आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. 14416 हा टेलिमानसचा फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. "जगून काय करू" असं ती म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि येरवड्याचं भय नको. तपासायला गेलेल्या प्रत्येकीला तिथं ठेवून घेत नाहीत. बहुतेक जणी औषध घेऊन, बोलून घरी परततात. 2017 च्या कायद्यानं सरकारी सेवेतून मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा आपला हक्क आहे.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की एकमेकींना एवढं विचारा: "जेवण जातंय ना नीट?"