ढगांतील विमान आणि वैमानिकाची इंद्रिये

आषाढ लागला की बेळगावच्या पूर्वेचे सांबऱ्याचे माळरान ढगांत बुडून जाते. तेथील धावपट्टी ब्रिटिश वायुदलाने १९४२ साली बांधली. आज तेथून प्रवासी विमाने ये-जा करतात. निपाणीहून मुलाला पोचवावयास आलेल्या आईला विमान दिसेनासे होते, तेव्हा आतल्या वैमानिकालाही बाहेरचे काही दिसत नसते. मग तो तोल सांभाळतो कसा?

शरीराच्या भरवशावर तर खासच नव्हे. फुगडी घालून मुली एकदम थांबल्या, तरी अंगण फिरतच राहते. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. अंग थांबले तरी हा द्रव काही क्षण वाहत राहतो आणि मेंदू फसतो. अंगणात ही चूक डोळे सुधारतात. ढगात ते निरुपयोगी ठरतात. संथपणे वळणारे विमान सरळच चालले आहे असे वाटते, आणि ते खरोखर सरळ केले की उलट बाजूस कलल्याचा भास होतो.

काळोख्या समुद्रावरही क्षितिज असेच हरवते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे विमान मुंबईहून उडाले आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण प्राणांस मुकले. कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिजाचे यंत्र बिघडून विमान उजवीकडे कलल्याचे दाखवीत होते, म्हणून त्याने ते डावीकडे कलते केले. त्या यंत्रावर विसंबू नका, असे अभियंत्याने बजावले खरे. पण वेळ उरली नव्हती.

डोळ्यांवरचा हा भार इतर इंद्रियांनी वाटून घ्यावा, ही कल्पना जुनीच आहे. १९३० च्या सुमारास अमेरिकेत वैमानिक रेडिओ ऐकत मार्ग धरीत. वाटेच्या एका अंगास तारायंत्रातील 'ए' हे अक्षर ऐकू येई, दुसऱ्या अंगास 'एन'. नेमक्या वाटेवर दोन्ही मिसळून अखंड गुंजन होई. पुढे स्पर्शही कामास आला. विमानाची उचल सुटण्याच्या बेतात आली की मोठ्या विमानांत सुकाणूची दांडी वैमानिकाच्या हातातच थरथरू लागते. अमेरिकेच्या नौदलातील संशोधकांनी तर छातीभोवती छोटे कंपक बसविलेले जाकीट तयार केले. विमान ज्या बाजूस कलेल, त्या बाजूस अंगावर टोचणी बसते. प्रवासी विमानांत ते सर्रास आलेले नाही.

घंटा मात्र वाढवीत नेऊन भागत नाही. संकटात गुंतलेल्या माणसाला कानाशी वाजणारा इशाराही कित्येकदा ऐकू येत नाही. थरथरणारी दांडी मात्र त्याच्या मुठीतच असते.